वाद्याला पाय लावायचा नाही

…नाही, पण मी म्हणतो, वाद्याने तोंड उघडावंच कशाला? सांगा ना! पेटी आहे, वीणा आहे, खंजिरी आहे, पिढ्यान्‌पिढ्या वाजताहेत, त्यांपैकी एकाने तरी कधी तोंड उघडलं? वाद्याने वाजावं. बोलणं हे माणसाचं काम, आणि तेही मोजकं! आणि तुम्हाला सांगतो, आमच्या घरात गिटार तोंड उघडते. उघडते आणि मिटते. ‘वाँव’ म्हणते! भर दुपारी, बैठकीत, देवघरापासून चार हातांवर! मी काही बोललो नाही. मोजकं बोलावं, असा माझा नियम आहे. एवढंच म्हटलं, की ज्या घरात सकाळी विष्णुसहस्रनाम होतं, ज्या घरात मुलांना जेवताना बोलू दिलेलं नाही, ज्या घरात पाहुण्यांनासुद्धा ‘जरा हळू’ म्हणून सांगितलं जातं, आणि पाहुणे पुन्हा येत नाहीत, त्या घरात एका लाकडी वस्तूने असं तोंड वासावं, हे शास्त्राला, शिस्तीला आणि शेजारधर्माला, तिन्हींना सोडून आहे. एवढंच. बाकी काही बोललो नाही.

बसा. सुरुवातीपासून सांगतो.

माझा परिचय एका वाक्यात: मी भगवंतराव, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार राजापेठ, अमरावती, जन्मभर मराठी आणि संस्कृत शिकवलं, आणि आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचा प्रमुख आहे. झालं एका वाक्यात. पाहा, ठरवलं की होतं.

तर यंदा माघात आमचे पेटीवाले मुलाकडे राहायला सुरतेला गेले. पेटी घेऊन गेले. जाताना डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, “गुरुजी, माही आठवन काढत जा जी.” काढतो ना! रोज काढतो! पेटी नाही म्हटल्यावर पट्टी कोण देणार? एक जण आभाळात सूर लावतो, दुसरा विहिरीत, आणि दोघेही माझ्याकडे पाहतात. आणि मध्ये बंडू. बंडू म्हणजे आमचा खंजिरीवाला. उमेदीची वर्षं त्याने परतवाड्याहून वर चिखलदऱ्याला जीप चालवली. जीप भरली की निघायचं, एवढंच त्याला ठाऊक. अजूनही खंजिरी हातात आली की तिला घाट लागतो. आम्ही अभंगाच्या पहिल्या चरणावर, आणि बंडू वर पोहोचून आमची वाट पाहतोय! विचारलं तर म्हणतो, “गुरुजी, तुमीच मांगं राहून राहिले, मी का करू?” मी काही बोललो नाही.

आता तुम्ही म्हणाल, पेटी नाही तर नाही, देव भावाचा भुकेला असतो. देव असेल. अकोल्याची उत्सव समिती नाही.

अकोल्याला जुन्या शहरात एक राममंदिर आहे. तिथे चैत्राच्या उत्सवाला आमचं मंडळ माझ्या वडिलांच्या वेळेपासून जातं. तिथली रीत अशी, की आधी मंडळाच्या प्रमुखाने थोडं निरूपण करायचं, मग भजन. भजनाची लय एकदा धरली की ती चढवत चढवत गजरापर्यंत न्यायची, मध्ये खंड पडता कामा नये. गजर झाला की समितीचे प्रमुख देवापुढचा नारळ उचलून मंडळाच्या प्रमुखाच्या उपरण्यात घालतात. तो नारळ म्हणजे पुढच्या वर्षीचं निमंत्रण. नारळ नाही, तर निमंत्रण नाही. धामणगाव रेल्वेचं एक चांगलं नावाजलेलं मंडळ होतं, एका वर्षी त्यांचं भजन मध्येच तुटलं, नारळ देवापुढेच राहिला. ती मंडळी अजून उत्सवाला येतात, पण पंगतीपुरती! त्यांना वरण वाढताना लोक ज्या नजरेने पाहतात, ती नजर मी पाहिलेली आहे.

आणि यंदा समितीचे प्रमुख कोण? सहदेवराव! माझे व्याही! माझी सून आचल, तिचे वडील. गावाकडे काळी जमीन, अकोल्यात घर, बोलणं कमी आणि भुवया जास्त. माझ्यासारखेच मितभाषी, म्हणजे, खरोखरचे. त्यांचा फोन आला. “काय गुरुजी, यंदा पेटी नाई म्हनते तुमच्याकडं?” मी म्हटलं, बघतो आहे. तर म्हणतात, “पाहा बा. बिनसुराचं भजन देवाले चालते. समितीले नाई चालत.” आणि फोन ठेवला! वडिलांच्या वेळेपासूनचा नारळ, आणि तो जाणार कुणाच्या हातून, तर व्याह्याच्या! मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. आमच्या सौभाग्यवती वच्छलाबाई म्हणाल्या, “अहो, पुरनपोळी आहे, गोडच आहे, खा.”

तेव्हा आचल पुढे आली. मुलगी गुणी आहे. राजापेठेतच गणिताची शिकवणी घेते, आवाज न चढवता मुलं गप्प बसवते, ही विद्या मला छत्तीस वर्षांत साधली नाही. म्हणाली, “बाबा, पेटी नाही तर राहू द्या. मी देऊ का सूर?” मी म्हटलं, तू गातेस? म्हणाली, “गात नाही. गिटार वाजवते. इलेक्ट्रिक.”

लग्नात माहेराहून तिच्यासोबत एक लांबट काळी पेटी आली होती. मी वर्षभर समजत होतो, त्यात इस्त्रीचं टेबल आहे! पलंगाखाली होती. तीच ती. सहदेवरावांनी मुलीला माहेरी कधी वाजवू दिली नाही. म्हणाले होते म्हणे, “हे डांगडिंग इथं नाई. वाजवाचं असन तं आपल्या घरी जाऊन वाजवजो.” आपल्या घरी! म्हणजे कुठे? माझ्या! वा, सहदेवराव! मुलगी दिली, सोबत ही जबाबदारीही दिली, आणि वर समितीचे प्रमुख झालात! मी काही बोललो नाही. पण मनात म्हटलं, पेटी सुरतेला, उत्सव दारात. “सूनबाई,” म्हटलं, “आण बाहेर.”

आणली. तुम्हाला सांगतो, साधी वाजवली तेव्हा ठीक होती. बरी होती. पेटीसारखा भरदार सूर नाही, पण स्वच्छ, धरून गाता येईल असा. मग तिने पिशवीतून आणखी एक वस्तू काढली. लोखंडी, कंपासपेटीएवढी, वर दोन कान पिळायचे आणि एक बटण. गिटारची तार तिच्यात, तिची तार आवाजाच्या डब्यात, डबा भिंतीला. ती वस्तू तिने खाली ठेवली… आणि तिच्यावर पाय दिला.

पाय!

माझ्यासमोर, माझ्या सुनेने, सुराच्या वाटेतल्या वस्तूवर पाय दिला! मी उभा राहिलो. म्हटलं, “आचल, पुस्तकाला पाय लागला तर आपण काय करतो?” “नमस्कार करतो बाबा.” “मग वाद्याला?” तर म्हणते, “बाबा, हे वाद्य नाही, यंत्र आहे.” मी म्हटलं, यंत्र असेल तर मंदिरात नको, वाद्य असेल तर पाय नको, दोन्हींपैकी काय ते ठरव. यावर स्वयंपाकघरातून आवाज, “अहो, अन् पायपेटी असते ते?” या घरात मी निर्णय देत असलो की स्वयंपाकघराला नेमकं ऐकू येतं! मी शांतपणे समजावलं, की पायपेटीत पाय लागतो तो भात्याला, सुराला नाही, भाता म्हणजे वारा, वाऱ्यावर पाय देता येतो, सुरावर नाही. “हो का,” म्हणाल्या. त्या ‘हो का’चा अर्थ मी चाळीस वर्षं लावतो आहे.

आता ती वस्तू करते काय? ऐका. गिटार वाजत असताना कुणीतरी तिच्या तोंडावर तळहात ठेवावा आणि काढावा, ठेवावा आणि काढावा, तसा आवाज होतो. वाँव. वाँव. लहान मूल रडताना आपण गंमत म्हणून त्याच्या तोंडावर हात धरतो ना, तसं! आचल सांगते, “बाबा, याच्या दोन चाली आहेत. पहिली ऑटोमॅटिक. तार हळू छेडली तर आवाज मिटलेला राहते. जोरात छेडली की तोंड उघडते. जेवढा जोर, तेवढं तोंड.”

जेवढा जोर, तेवढं तोंड! मी इतक्या पालकसभा घेतल्या, तिथेही नियम हाच होता.

“आणि दुसरी?” “दुसरी तालातली. हे बटण दोनदा दाबायचं, टक-टक. त्या दोन ठोक्यांत जेवढं अंतर, त्या लयीत तोंड उघडमीट होत राहते. तुम्ही हळू वाजवा, जोरात वाजवा, त्याला काही फरक नाही. परत टक-टक केलं की नवीन लय.” म्हणजे बघा, चाललंय काय याचं ज्ञान नाही, अर्थाशी संबंध नाही, नुसतं तालावर तोंड उघडायचं आणि मिटायचं. असे सभासद आमच्या मंडळात आधीच चार आहेत!

मी म्हटलं, हे नको. साधी गिटार पुरे. तिने मान खाली घातली, “बरं बाबा.” एवढंच बोलली. वाद घातला असता तर मी तिला सहज हरवलं असतं. पण ‘बरं बाबा’ला उत्तर कुठल्या ग्रंथात आहे? आणि तालमीला बंडू आलेला. त्याने ते ऐकलं होतं. “बापा बापा! गुरुजी, भल्लं वाजते हो! गिटार तं जसं काही आपल्यासंगं बोलूनच राहिलं! राहू द्या ना जी!” वच्छलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, “पोरगी हौसेनं करून राहिली, तुम्ही काऊन आडवे येता?” चार तोंडउघडे सभासदही ‘हो हो’ म्हणाले. तेही तालात!

मी काही बोललो नाही. फक्त तीन नियम घालून दिले. पहिला, वाद्याला पाय लावायचा नाही. ते यंत्र चौरंगावर राहील, तांबड्या वस्त्रावर, हळदकुंकू लावून, माझ्यासमोर. आणि बटण दाबायचं झालं तर आचलने मान हलवावी, मी हाताने दाबीन. दुसरा, निरूपण सुरू झाल्यावर मंडळातल्या कुणीही जागेवरून उठायचं नाही. देव आणि वक्ता यांच्यामधून जायचं नाही, मग घर का जळेना. तिसरा, मंदिरात जे काही तोंड उघडेल ते मर्यादेने उघडेल. तिन्ही नियम मी स्वतः केले. स्वतः! कुणी सुचवले नाहीत. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझ्यावर जे जे आलं ते या तिन्ही नियमांतून, ओळीने आलं.

उत्सवाचा दिवस उजाडला. आम्ही गाडीने अकोल्याला निघालो, मांडीवर चौरंग. मूर्तिजापूरला शेजारच्या बाईंनी विचारलं, “सत्यनारायन आहे का जी?” मी काही बोललो नाही. कंपासपेटीएवढ्या लोखंडाला वाँव म्हणता यावं म्हणून हा चौरंग निघाला आहे, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

मंदिरात पोहोचलो. गर्दी चांगली. सहदेवराव दाराशी, हाताची घडी. मुलीच्या खांद्यावरची काळी पेटी पाहून एक भुवई वर गेली. “आनलंच का ते?” आचल म्हणाली, “बाबांनी सांगितलं.” बाबांनी, म्हणजे मी! दुसरी भुवई वर गेली, ती माझ्यासाठी. “गुरुजी, तुमी तं शिस्तीचे मानूस.” म्हटलं, “सहदेवराव, शिस्तीतच वाजेल.” ते म्हणाले, “पाहू.” आणि नारळ उचलून देवापुढे ठेवला. ज्या सावकाशीने ठेवला ना, तुम्हाला सांगतो, त्या सावकाशीत धामणगावचं अख्खं मंडळ मला वरण मागताना दिसलं.

मी माझ्या हाताने चौरंग मांडला. वस्त्र, यंत्र, हळदकुंकू, एक झेंडूचं फूल. आचल आईला भेटायला आत गेली. तेवढ्यात साउंडवाला आला. तोंडात खर्रा, खांद्यावर तारांची वेटोळी. त्याने पाहिलं, मध्यभागी गुरुजी, गुरुजींसमोर चौरंग, चौरंगावर पूजा केलेलं यंत्र. गिटार तिकडे कडेला, भिंतीला टेकवलेली. आता तुम्हीच सांगा, कोणत्याही आस्तिक माणसाला काय वाटेल? एवढा मान असलेलं यंत्र कुणाचं असेल? त्याने फुलाला धक्का न लावता, आधी नमस्कार करून, माझ्या माइकची तार त्या यंत्रात खुपसली. यंत्राची तार त्याच्या आवाजाच्या डब्याला. आणि गिटारची तार सरळ डब्याला, यंत्राला वळसा घालून. मी पाहत होतो. मला वाटलं, तार आहे, जाते आहे, जाणकार माणूस आहे. मी काही बोललो नाही! जन्मात एकदा बोलायला हवं होतं, तेव्हा बोललो नाही!

आचल परत येऊन बसली. मी निरूपणाला आरंभ केला. विषय होता, वाणीचा संयम.

हसू नका. महिनाभर आधी ठरलेला विषय होता.

आरंभी मी नेहमी खालच्या पट्टीत बोलतो. “श्रोतेहो, वाणी ही…” तर आवाज येतो तो गोधडीखालून! मलाच ऐकू येईना. मागून एक आजोबा, “आइकू नाई येत!” म्हणून मी थोडा चढवला. “श्रोतेहो! वाणी ही ईश्वराची…” आणि ‘ईश्वराची’ म्हणताना कर्ण्यातून आलं, “ईँयाँव्‌श्वराँव!” पुढच्या रांगेतली पोट्टी ताठ बसली. मला वाटलं माइक बिघडला. बिघडलेल्या माइकवर आपण काय करतो? मोठ्याने बोलतो! “संयम!” मी म्हटलं. “संयाँव!” मंदिर म्हणालं. जेवढा जोर, तेवढं तोंड! मी जितका गंभीर, तितकं ते उघडं! कडेला आचल दोन्ही तळहात खाली खाली करते आहे. तिला म्हणायचंय, बाबा, हळू बोला. मला वाटलं, ती म्हणते, बाबा, खाली बसा, पुरे झालं. माझ्या निरूपणात, माझ्या सुनेने, मला पुरे म्हणावं! मी आणखी चढलो. ती उठून यंत्र काढू शकत होती. तार ओढली की संपलं. पण निरूपण चालू असताना उठायचं नाही, हा नियम कुणाचा? गुणी मुलगी! जागेवरून हलली नाही. घर जळत होतं, पण हलली नाही.

आता मुलं फिदीफिदी हसू लागली. बायकांनी पदर तोंडाला लावले. सहदेवरावांच्या दोन्ही भुवया कपाळाच्या वर कुठेतरी. मी म्हटलं, “शांतता राखा!” काय ऐकू आलं ते मी उच्चारणार नाही. वर्गात अशा वेळी मी काय करत असे? टेबलावर डस्टर. दोनदा. ठक-ठक. जन्माची सवय! हात पुढे गेला, समोर टेबल नव्हतं, चौरंग होता, आणि चौरंगावर यंत्र.

टक-टक.

झालं. दुसरी चाल लागली. आता मी हळू बोललो काय, जोरात बोललो काय, त्याला फरक नाही. माझं तोंड माझ्या ताब्यातच नाही! उघड, मीट, उघड, मीट, कर्ण्यातून, सगळ्या अकोल्याला ऐकू जाईल असं! मी काकुळतीला येऊन म्हटलं, “वाणी आवरा…” आणि बाहेर पडलं, “वाँ-णी-आँ-व-राँ”, तालात, अगदी मात्रेवर! बंडूने ऐकलं. बंडू हा आज्ञाधारक माणूस. गुरुजींनी ठेका दिला म्हणजे दिला. त्याने खंजिरी उचलली आणि घातली थाप! टाळकऱ्यांनी बंडूकडे पाहिलं, टाळ उचलले. त्या चार तोंडउघड्या सभासदांना तर जन्माचं सार्थक झाल्यासारखं झालं, कारण आता गुरुजीही त्यांच्यासारखेच! सगळं मंदिर टाळ्या देतंय आणि म्हणतंय, “वाणी आवरा! वाणी आवरा!”

आणि मला घाम फुटला. का? लय धरली गेली होती! रीत काय? लय धरली की गजरापर्यंत थांबायचं नाही. थांबलो, तर भजन तुटलं. तुटलं, तर नारळ देवापुढेच. ज्याला मी भजन म्हणायला तयार नव्हतो, ते आता मला पूर्ण करायचं होतं. मी आचलकडे पाहिलं. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी त्या मुलीने काही म्हणून विचारलं नाही. डोळे मिटले, माझा सूर शोधला, आणि साधी, स्वच्छ, सरळ गिटार माझ्या पाठीशी उभी केली. तिच्या सुरात ना वाँव, ना व्याँव. देवघरातल्या समईसारखी. मी त्या सुराला धरलं. निरूपणाच्या टाचणातला एकेक विचार घेतला, त्या लयीवर ठेवला, शेवटी देवाचं नाव लावलं, आणि लोक म्हणायचे, “वाणी आवरा!” बंडूला घाट लागायला लागला, पण यंत्र काही हलेना. पहिल्यांदा आयुष्यात बंडू कुणाच्या तरी मागे चालत होता! मला ओरडून म्हणतो, “गुरुजी, चढवा ना जी! गजर कवा करता?”

आणि खरंच होतं. लय चढायला हवी. आणि चढवणार कशी, तर यंत्राला सांगून. आचलने डोळे उघडले. मान हलवली.

घरी मी असं सांगितलं, की हात चुकून लागला. तुम्हाला म्हणून सांगतो. चुकून नाही लागला. मीच दाबलं! टक-टक. लय उचलली. मंदिर उठून उभं राहिलं. पुन्हा टक-टक. एक बाई फुगडीला आल्या. पुन्हा टक-टक. आणि गजर! रामनामाचा! तो कर्ण्यातून कसा आला, ते शब्दांत सांगता येणार नाही. पण रामाने मनावर घेतलं नसावं, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

सगळं शांत झालं. मी उपरणं सारखं केलं, मान खाली घालून बसलो. सहदेवराव उठले. नारळ उचलला. सावकाश आले. आधी माझ्याकडे नाही आले. मुलीसमोर उभे राहिले. खाकरून म्हणाले, “पोरी, हे असं वाजवते का तू? इतकं सोज्वळ? मले वाटे, हे डांगडिंग असते.” आचल म्हणाली, “तुम्ही कधी ऐकलंच नाही आबा.” ते म्हणाले, “हाव. आमचीच चूक.” त्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं. मलाही काहीतरी झालं, धूर असेल.

मग माझ्याकडे वळले. नारळ माझ्या उपरण्यात घातला. आणि सगळ्यांसमोर, माइक टाळून म्हणतात, “गुरुजी, आमची पोर तं मर्यादेनं वाजवत होती. एक सूर इकडचा तिकडं नाई. तुमी मात्र…” आणि पुढे शब्द नाहीत. भुवया! अख्ख्या सभेत मर्यादा सोडून तोंड उघडलेला एकच जण निघाला, आणि तो मी! तिसरा नियम मोडला तोही मी! मी काही बोललो नाही. माइक अजून यंत्रातच होता.

तर असं आहे. नारळ मिळाला. तो चौरंग आता देवघराच्या कडेला असतो, यंत्र त्यावर, सकाळी देवपूजा झाली की त्यालाही कुंकू लागतं; वाद्य की यंत्र, ते मी पुन्हा विचारलेलं नाही. आचलने आता माहेरीही गिटार न्यायला सुरुवात केली आहे, सहदेवराव स्वतः गाडीतून उतरवून घेतात, दोन्ही हातांनी. बंडूला ते यंत्र खंजिरीला लावायचंय. वच्छलाबाई परवा आचलला विचारत होत्या, “हे घरात बोलताना लावता येते का वं? ती पहिली चाल. हळू बोललं की मिटलेलं राहते ना?” हो का, मी म्हटलं. चाळीस वर्षांनी मला संधी मिळाली.

आणि काल सहदेवरावांचा फोन आला. पुढच्या वर्षीच्या उत्सवाचं ठरवत होते. मी आधीच सावध! म्हटलं, सहदेवराव, यंदा जे झालं ते झालं, पुढच्या वर्षी निरूपणाचा विषय मी निवडून ठेवला आहे, त्यात कसलाही धोका नाही, विषय आहे ‘मौन’. तर म्हणतात, “चालते ना गुरुजी. मौनच घ्या. पन… मशीन लावून.”

मी काही बोललो नाही.